पंधरा गावं, दहा रात्री आणि एक गुडघा

पत्र:

ताई, सप्टेंबरच्या शेवटी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. त्यानिमित्त मी, हे आणि सासूबाई असे तिघं दक्षिण इटलीला निघालोय. दहा रात्री. गाडी भाड्याने घ्यायची आणि छोटी छोटी गावं निवांत बघायची, असं ठरलं होतं. 'निवांत' हा शब्द माझा. ह्यांनी एक्सेलमध्ये शीट केली आहे. नेपल्सला उतरायचं, मग पॉम्पेई, अमाल्फी, पोझितानो, मातेरा, आल्बेरोबेल्लो, ओस्तूनी, लेच्चे, शेवटी सिसिली, अशी एकूण पंधरा गावं. प्रत्येकापुढे 'आगमन' आणि 'प्रस्थान'. मी म्हटलं, हे एसटीचं वेळापत्रक झालं. तर म्हणाले, "एवढे पैसे घालून जायचं आणि अर्धं बघून यायचं?" तेही खोटं नाही.

सासूबाई त्र्याहत्तरच्या. उजवा गुडघा बदललाय, डावा कुरकुरतो. शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. गाडी हे चालवणार. ठाणे ते रत्नागिरी एका दमात नेतात, पण रस्त्याच्या उजव्या बाजूने कधी चालवलेली नाही. आणखी एक, हसू नका. आईंना मागे बसलं की मळमळतं, म्हणून पुढची सीट त्यांची. नकाशा मात्र मला कळतो. मग मी दहा दिवस मागून "डावीकडे, अहो डावीकडे" ओरडायचं का?

– एक्सेलग्रस्त, ठाणे

उत्तर:

प्रिय एक्सेलग्रस्त,

हसले. माफ करा.

शीट तुम्ही सोबत जोडलीत ते बरं झालं. तिच्यात सहाव्या दिवशी सकाळी लेच्चे आणि रात्री मेसिना आहे. लेच्चे इटलीच्या बुटाच्या टाचेत आणि मेसिना बोटाच्या पुढे, समुद्रापलीकडे. मध्ये साडेचारशे किलोमीटरच्या वर रस्ता, वरून फेरीबोट. त्या दिवशी सासूबाई दक्षिण इटली बघणार नाहीत, दक्षिण इटलीतली पेट्रोल पंपांवरची स्वच्छतागृहं बघतील.

तरी शीट फाडू नका. आकड्यांत विचार करणाऱ्या माणसाला "जरा निवांत घ्या हो" म्हणून काही उपयोग नसतो, कारण निवांतला रकाना नाही. तुम्ही उलट तीन रकाने वाढवून द्या: बॅगा भरणं-उतरवणं, पार्किंग शोधणं, खोली मिळेपर्यंत थांबणं. तिकडे सकाळी दहा-अकराला खोली सोडावी लागते आणि नवी खोली तीनच्या आधी क्वचित मिळते. म्हणजे मुक्काम हलवला की तो दिवस अर्धा गेलाच. ह्यांच्या शीटमध्ये आठ मुक्काम आहेत. बेरीज त्यांनाच करू द्या. स्वतः काढलेल्या बेरजेशी नवरे भांडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

बेरीज झाली की पश्चिमेकडचं सगळं कापा. नेपल्स, पॉम्पेई, अमाल्फी, सिसिली, सगळं. अमाल्फीबद्दल ह्यांना वाईट वाटेल, म्हणून एवढं सांगा: तो किनाऱ्याचा रस्ता कड्याला चिकटलेला आणि नागमोडी आहे, समोरून बस आली की कुणीतरी मागे जायचं, आणि गर्दीच्या मोसमात तिथे गाड्यांना सम-विषम नंबरांचा नियम लावतात. चालवणाऱ्याला तिथे समोरची बस दिसते, समुद्र दिसत नाही. शिवाय मळमळ. अमाल्फी बोटीने बघण्याची जागा आहे, आणि पॉम्पेई नेपल्सहून लोकल गाडीने. तो वेगळा प्रवास आहे, तिसाव्या वाढदिवसाला ठेवा, लग्नाच्या.

उरतं पुलिया, म्हणजे टाच, आणि शेजारच्या बाझिलिकातामधलं मातेरा. नेपल्सऐवजी बारीला उतरा आणि बारीहूनच परत निघा. दहा रात्री, चार मुक्काम: बारीत दोन, इत्रियाच्या खोऱ्यात तीन, लेच्चेत तीन, मातेरात दोन. सगळ्यात लांबचा टप्पा लेच्चे ते मातेरा, अडीचेक तासांचा. बाकी बहुतेक ठिकाणं मुक्कामापासून तासाभरात. प्रदेश सपाट, रस्ते बरेचसे सरळ, आणि बारीहून ब्रिंडिसीमार्गे लेच्चेपर्यंत जाणाऱ्या चौपदरी रस्त्याला टोलही नाही. ही शेवटची गोष्ट ह्यांना आधी सांगा.

बारीतल्या दोन दिवसांत गाडी घ्यायचीच नाही. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर उलट्या बाजूचं ड्रायव्हिंग शिकायला घेऊ नये. विमानतळावरून गावात ट्रेन येते, पाव तास-वीस मिनिटांत. जुनं बारी सपाट आहे, सासूबाई आरामात चालतील. सेंट निकोलस म्हणजे सांताक्लॉजचा मूळ पुरुष. त्याच्या अस्थी १०८७ साली बारीच्या खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातल्या मायरामधून उचलून आणल्या आणि त्यांच्यावर हे मोठं देऊळ, म्हणजे बाझिलिका, उभं राहिलं. त्याच्या जवळच्या गल्लीत बायका दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते नावाचा पास्ता वळत बसलेल्या असतात. कणकेची सुरळी, बोटाच्या पेराएवढा तुकडा, बोथट सुरी त्याच्यावरून ओढायची आणि अंगठ्यावर उलटवायचं, की झाला छोटा कान. सासूबाईंनी आयुष्यात गव्हले वळले असतील तर त्या तिथून अर्धा तास हलणार नाहीत. हलवू नका. शीटमध्ये एक तास लिहून टाका.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत विमानतळावर जाऊन गाडी घ्या. तो रविवार येईल असं बघितलंत तर उत्तम, कारण बारीच्या बाहेरून जाणारा रस्ता इतर दिवशी फार धावता असतो. गाडी लहान मागा. गावातल्या गल्ल्या आणि इत्रियामधले रस्ते लहान गाडीसाठीच आहेत. आणि ऑटोमॅटिक, जी तिथे मुद्दाम सांगून, जास्त पैसे देऊन घ्यावी लागते. ह्यांना सगळं उलट्या हाताने करायचंय, त्यात गिअर नको. क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं लागतं, तुमचं चालणार नाही. लायसन्सबरोबर आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवानाही हवा. तो वर्षभर चालतो, आणि इटलीत पोलिसांनी अडवलं तर तो नसल्याचा दंड वेगळा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, चाकांसकट, मोबाइलवर व्हिडिओ काढा. हे काम सासूबाईंना द्या, त्या एकही ओरखडा सोडणार नाहीत.

उजव्या बाजूने चालवण्याची फार धास्ती नको. पहिल्या वळणावर सिग्नलऐवजी वायपर फिरेल, तो सगळ्यांचाच फिरतो, कारण दांड्यांची अदलाबदल असते. एकच खूण लक्षात ठेवायची: चालवणारा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो. आपल्याकडेही तसंच, तिथेही तसंच. चूक भर रहदारीत होत नाही, पुढच्या गाडीच्या मागे आपण आपोआप जातो. ती होते सकाळी रिकाम्या गल्लीतून किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. तेवढ्या वेळेला तिघांनी मिळून "उजवी बाजू" म्हणा, आरती म्हणतात तसं. गोल चौकात आत फिरणाऱ्या गाडीचा मान पहिला. पंपावर 'बेंझिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गाझोलियो' म्हणजे डिझेल. 'फाय दा ते' लिहिलेल्या ठिकाणी आपलं आपण भरायचं, ते स्वस्त. 'सेर्वितो' म्हणजे माणूस येऊन भरतो, ते महाग. वेगाची मर्यादा गावात ५०, साध्या रस्त्यावर ९०, चौपदरीवर ११०, आणि कॅमेरे भरपूर.

कॅमेऱ्यांवरून खरी गोष्ट सांगते, कारण ह्याच एका बाबतीत माझे पैसे गेलेत. इटलीतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गावाचा मधला भाग बाहेरच्या गाड्यांना बंद असतो. त्याला झेड-टी-एल म्हणतात, इटालियन उच्चार झेता-ती-एल्ले. नाक्यावर लाल कडेची पांढरी गोल पाटी, तिच्याखाली वेळा, आणि वर कॅमेरा. अडसर नाही, शिपाई नाही, कोणी शिटी वाजवत नाही. काही ठिकाणी दिव्याची पाटी असते आणि तिच्यावर 'वार्को आत्तीवो' असं उमटतं. मी ते वाचलं आणि मनातल्या मनात भाषांतर केलं: वाट सुरू आहे. चला! अर्थ नेमका उलटा होता. वार्को म्हणजे नाका, आणि नाक्यावरचा कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका, असं ती पाटी सांगत होती. 'वार्को नोन आत्तीवो' दिसलं तरच आत जायचं. मी त्या संध्याकाळी हॉटेल शोधत त्याच नाक्यातून तीनदा गेले. आठ महिन्यांनी घरी पत्रं यायला लागली. आधी गाडीवाल्या कंपनीने पोलिसांना माझा पत्ता दिल्याबद्दल माझ्याच कार्डावरून फी कापली, तीही तीनदा, आणि मग गावाकडून तीन वेगळे दंड. उशीर झालाय म्हणून सुटू असं मला वाटलं होतं, पण परदेशातल्या पत्त्यावर नोटीस काढायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते. कंपनीचं आणि गावाचं नाव सांगत नाही, चूक माझीच होती.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. मोबाइलच्या नकाशात हॉटेलचं, चर्चचं किंवा चौकाचं नाव घालायचं नाही. जुन्या गावाबाहेरच्या पार्किंगचं घालायचं. नकाशाला शंभर किलोमीटर बरोबर नेता येतं, शेवटच्या एका किलोमीटरमध्ये तो घात करतो. तुम्हाला नकाशा कळतो म्हणता ना, तर हे काम तुमचं आणि ते आदल्या रात्री करायचं: उद्याच्या गावाचं पार्किंग कुठलं, तिथून चौक किती पावलं, मध्ये चढ आहे का. हॉटेल बंद भागात असेल तर त्यांना आधी विचारा, काही जण गाडीचा नंबर कळवून परवानगी काढून देतात. रस्त्यालगत गाडी लावताना पांढरे पट्टे फुकटचे, निळे पैशाचे, पिवळे आपले नव्हेत. आणि खांबावरची पाटी वाचा. आठवडी बाजार असेल त्या सकाळी गाडी उचलून नेतात.

आता इत्रियाचं खोरं. आल्बेरोबेल्लो, लोकोरोतोंदो, चिस्तेर्निनो, मार्तिना फ्रांका ही गावं एकमेकांपासून आठ-दहा किलोमीटरवर, म्हणून कुठल्याही एकाजवळ शेतघरात, ज्याला ते 'मास्सेरिया' म्हणतात, तीन रात्री राहा. तळमजला मागा. लाल माती, ऑलिव्हची झाडं, आणि जिकडे बघावं तिकडे चुना-माती न घालता नुसत्या दगडांवर दगड रचून केलेले बांध. कोकणात ज्याला गडगा म्हणतात तोच. फरक एवढाच की इथे दोन गडग्यांमधून जेमतेम एक गाडी जाते आणि समोरून ट्रॅक्टर येतो. आरसे मिटून घ्यायचे.

आल्बेरोबेल्लोची शंकूच्या छपरांची घरं, त्रुल्ली, ही ह्याच गडग्याची पुढची पायरी. तीही विनाचुन्याची. सांगतात असं की कोन्व्हेर्सानोच्या सरदारांनी मुद्दाम तशी बांधायला लावली, म्हणजे नेपल्सच्या राजाचा तपासनीस आला की छप्पर उतरवायचं आणि 'इथे गावच नाही' म्हणून कर चुकवायचा. १७९७ साली राजाने गावाला त्या सरदारांच्या ताब्यातून सोडवलं. १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत असल्यामुळे दिवसा तिथे बसगाड्या भरभरून माणसं येतात आणि निम्म्या त्रुल्लींमध्ये फ्रिजवर चिकटवायची चुंबकं विकायला ठेवलेली असतात. सकाळी आठला जा किंवा बसगाड्या निघून गेल्यावर. 'आया पिक्कोला' ह्या भागात अजून लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत असतात, तो बघा. तासभर पुरे. खरं सांगू का, मला स्वतःला लोकोरोतोंदो जास्त आवडतं, जिथे बघण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. गोल गाव, पांढऱ्या भिंती, बाल्कनीत जिरॅनियम आणि खाली द्राक्षमळे.

ओस्तूनी दुरून बघा. पांढरं गाव टेकडीवर रचलेलं दिसतं, आणि ते दिसणं खालच्या रस्त्यावरून चांगलं. वर गेलं की पायऱ्या. सासूबाईंना चौकातल्या कॉफीच्या दुकानात बसवून तुम्ही दोघं वर जाऊन या.

ह्या सगळ्यात शीटचा सगळ्यात मोठा दोष सांगायचा राहिला. ह्यांनी मार्तिना फ्रांकाचं आगमन दुपारी दोनला लिहिलंय. दोनला तिथे कुत्रंसुद्धा नसतं. दुपारच्या ह्या वेळेला दक्षिणेत 'कोन्त्रोरा' असा खास शब्द आहे. एक-दीडला दुकानं बंद होतात ती साडेचार-पाचला उघडतात. अनेक चर्चही मिटतात. खाणावळीत दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच, आणि रात्रीचं साडेसात-आठच्या आधी स्वयंपाकघर पेटतच नाही. पुण्याच्या दुकानदारांवरचे विनोद तिथे करू नका, त्यांना त्यात विनोद काय ते कळणार नाही. म्हणून दिवस आपला असा लावायचा: सकाळी आठ ते बारा एक गाव, मग जेवण, मग खोलीवर परतून झोप, पाचनंतर दुसरं गाव किंवा तेच गाव पुन्हा. कारण संध्याकाळी तेच गाव वेगळं असतं. सगळे धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घालून मुख्य रस्त्यावर नुसते फेऱ्या मारतात, आजोबा नातवंडाला गाडीत घालून, मुली हातात हात घालून. कुठेही जात नसतात. म्हाताऱ्या दाराबाहेर खुर्च्या टाकून बसतात. सासूबाईंना एखाद्या बाकावर बसवा आणि वीस मिनिटांनी परत या. त्यांना इटालियन येत नाही आणि त्या बायकांना मराठी येत नाही, पण गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं की पुढचं संभाषण आपोआप होतं. मी पाहिलंय.

खाण्याची चिंता निम्मीच करा. पुलियातलं जुनं खाणं गरिबाचं, म्हणजे डाळी, पालेभाज्या, पाव आणि तेल. 'फावे ए चिकोरिया' शोधा: सुक्या बाकल्याची घोटून केलेली पिवळी डाळ, शेजारी उकडलेली कडू रानभाजी, वरून ऑलिव्हचं तेल. पिठलं-भाकरीच्या माणसाला ते लगेच कळतं. बारीचा फोकाच्चा, टोमॅटो आणि ऑलिव्ह दाबून भाजलेला. आल्तामुराचा जाड सालीचा पिवळसर पाव. 'फ्रिझेल्ले' म्हणजे दोनदा भाजलेले कडक पाव, ते पाण्यात बुडवून मऊ करायचे आणि वर टोमॅटो चुरडायचा.

फसगत होते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. मुळ्या-मोहरीच्या पाल्याच्या चवीची एक भाजी घातलेले ओरेक्किएत्ते शाकाहारी दिसतात, पण त्या तेलात बहुतेक वेळा खारवलेली छोटी मासळी विरघळवलेली असते. म्हणून नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही. चिठ्ठी लिहून घ्या आणि दाखवा: सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा आच्चूगे, सेन्झा उओवा. मांस नको, मासे नको, ती छोटी मासळी नको, अंडं नको. सुकवलेला पास्ता बहुधा नुसत्या रव्याचा असतो, ताज्यात कधीकधी अंडं असतं, तेव्हा विचारायचं. लेच्चेचं प्रसिद्ध 'पास्तिच्चोत्तो' सासूबाईंना देऊ नका. आत अंड्याचं कस्टर्ड, आणि पारंपरिक पारीत डुकराची चरबी. चीजचं तुमचं तुम्ही ठरवा. बरीचशी जुन्या पद्धतीची चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात, हे सांगायचं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न. आणि 'ताराल्ली' नावाच्या खुसखुशीत कड्या त्या दिवसाला पाकीटभर खातील, त्यांच्या पिठात पांढरी वाइन असते. भाजताना उडून जाते, मी तरी कुणाला सांगितलेलं नाही.

घरून मेतकूट न्या, गोडा मसाला न्या, बाकरवडी न्या. साजूक तूप, पेढे, खव्याचं काहीही नेऊ नका, युरोपात प्रवाशांना दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. बाजारात काटे असलेली लाल-पिवळी फळं दिसतील. त्यांना तिथे 'फीकी द'इंदिया', भारतातली अंजिरं, म्हणतात. आपला फड्या निवडुंग हो! मूळचा मेक्सिकोचा, नाव आपलं. हाताने उचलू नका, सोललेली मागा.

लेच्चेत तीन रात्री. हे गाव सासूबाईंचं आहे, सगळं सपाट. तिथला मऊ पिवळसर दगड खाणीतून काढल्यावर लाकडासारखा कोरता येतो आणि पुढे हवेत टणक होतो. त्यामुळे कारागिरांनी चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक वीत जागा मोकळी सोडलेली नाही. बर्फ आणि बदामाचं दूध घातलेली तिथली कॉफी घ्या, उभ्याने, काउंटरवर. बसलं की दर वाढतो. लेच्चेच्या वाटेवर, ब्रिंडिसीनंतर, दुतर्फा राखाडी, वठलेली ऑलिव्हची झाडं लागतील, मैलोन् मैल. झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग, २०१३ मध्ये गाल्लिपोलीजवळ प्रथम आढळला आणि लाखो झाडं गेली. आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर गाडीतलं हसणं-बोलणं एकदम थांबतं आणि का ते कळत नाही.

लेच्चे ते मातेराच्या वाटेवर तारांतो लागतं. थांबायलाच हवं असं नाही, पण ह्यांना सांगा की सप्टेंबर १९४३ मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन ह्याच बंदरात उतरली, आणि तिच्यात मराठा पलटणीची पहिली बटालियन होती. पुढे त्याच बटालियनच्या नामदेव जाधवांना १९४५ मध्ये उत्तरेत सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मातेरा गुडघ्याचं गाव नाही. डोंगराच्या कुशीत कोरलेली घरं, 'सास्सी', एकाच्या छपरावर दुसऱ्याचा रस्ता, आणि सगळीकडे झिजून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या. गुहेतलं हॉटेल घेण्याचा मोह होईल, घेऊ नका. वरच्या सपाट भागात राहा. मुख्य चौकाच्या कडेला तीन कमानींचा सज्जा आहे, तिथून अख्खं गाव पायाखाली दिसतं. सासूबाईंचं मातेरा तेवढंच, आणि ते पुरेसं आहे. त्यांना तिथल्या पावाची गोष्ट सांगा. पाच-सहा गुहाघरांना मिळून एक अंगण आणि एक विहीर, आपल्या चाळीच्या चौकासारखं, आणि पाव भाजायला सार्वजनिक भट्टी. कुणाचा पाव कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक घराचा लाकडी शिक्का असे, तो कच्च्या पिठावर उमटवायचा. गाढवं, कोंबड्या, पोरं सगळी एकाच गुहेत. १९५२ साली कायदा करून इथल्या पंधरा हजारांवर लोकांना बाहेर नव्या वसाहतींत हलवलं, तेव्हा ही देशाची लाज मानली जायची. १९९३ मध्ये युनेस्कोने यादीत घेतलं, २०१९ मध्ये गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. आता त्याच गुहांमध्ये एका रात्रीचे मागतात ते दर ऐकून सासूबाई काय म्हणतील ते मला कळवा.

पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण पंचविसावा वाढदिवस आणि बरोबर आई, ह्याचं थोडं काहीतरी वाटत असणार. मातेराच्या दोनपैकी एका रात्री आईंना साडेनऊला गोळ्या देऊन झोपवा आणि तुम्ही दोघं त्या पायऱ्या उतरून खाली जा. घरांमधून पिवळे दिवे लागलेले असतात, पलीकडे दरीचा काळोख. नकाशा नेऊ नका. तिथे गाडी नाही, दंड नाही, आणि हरवलात तर वर चढत राहायचं, चौकच लागतो.

(एक युरो सेंटच्या इटालियन नाण्यावर एक अष्टकोनी किल्ला आहे. मातेराहून बारीला परतताना थोडी वाट वाकडी केली तर तो लागतो. ह्यांना ते नाणं दाखवू नका, सोळावं गाव होईल.)

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो. सप्टेंबरसाठी जूनच्या आत तारीख घ्या, ऑगस्टमध्ये इटली स्वतः सुट्टीवर असतं. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. आठऐवजी चार मुक्काम म्हणजे हॉटेलचे कागदही निम्मे, हे पुन्हा शीटमध्ये.

आता पुढची सीट. ती आईंचीच राहू द्या. पार्किंगचा पत्ता आदल्या रात्री मोबाइलमध्ये घातलेला असेल तर मागून ओरडायला फारसं काही उरत नाही. तरी बोलावं लागलंच तर डावी-उजवी म्हणू नका, पहिल्या दोन दिवसांत ह्यांच्या डोक्यात त्या दोन्हींची अदलाबदल झालेली असते. तिथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे डावीकडे हे, उजवीकडे आई. तेव्हा "अहो, तुमच्या बाजूला" आणि "अहो, आईंच्या बाजूला", एवढंच. चूक होत नाही.

आणि ह्यांनाही त्यांच्या मनासारखा एक लांबचा दिवस द्या. लेच्चेच्या तीन दिवसांतला एक. सकाळी आतल्या सरळ रस्त्याने खाली लेउकाला जा, जिथे टाच संपते आणि दीपगृह आहे. तिथून ओत्रांतोपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने पन्नासेक किलोमीटर परत वर या. ओत्रांतोच्या कॅथेड्रलची फरशी ११६३ ते ११६५ मध्ये पांतालेओने नावाच्या साधूने केलेली, रंगीत खड्यांचं एक अखंड झाड, आणि त्या झाडाचं खोड दोन हत्तींनी पाठीवर तोललंय. सासूबाईंना ते हत्ती शोधू द्या. पण दिशा उलटी करू नका, ओत्रांतोहून लेउकाला नव्हे, लेउकाहून ओत्रांतोला. गाडी उजव्या बाजूने चालते, त्यामुळे वर येताना सगळा रस्ता समुद्र आईंच्या बाजूला असतो.